हर्पीसवरच्या गोळ्या: कधी सुरू करायच्या, कशा घ्यायच्या आणि नेमकं कुठे चुकतं

अ‍ॅसायक्लोव्हिर, व्हॅलासायक्लोव्हिर आणि फॅमसायक्लोव्हिर ही हर्पीसच्या विषाणूंवरची औषधं गुणी आहेत, पण वेळेच्या बाबतीत फार कडक आहेत. ओठावरचे फोड असोत, जननेंद्रियावरचे असोत की हर्पीसच्याच घराण्यातल्या, कांजिण्यांच्या विषाणूने होणारी नागीण असो, त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा होतात. खपल्या धरायला लागल्यावर गोळ्या सुरू केल्या जातात. दिवसातून पाच वेळा घ्यायचं औषध तीनदाच पोटात जातं. गोळीची गरज असताना नुसतं मलम चोळलं जातं. आणि मूत्रपिंडाचा विषय कोणी काढतच नाही.

या चुका महागात का पडतात, हे औषधाच्या कामावरून कळतं. विषाणू पेशीत शिरून स्वतःच्या प्रती काढत असतो तेवढाच काळ ही औषधं लागू पडतात. विषाणूचंच एक एन्झाइम अ‍ॅसायक्लोव्हिरला जागं करतं, मग ते विषाणूच्या नव्या डीएनएच्या साखळीत जाऊन बसतं आणि साखळी तिथेच थांबते. प्रती काढण्याचा हा जोर पहिल्या दोन-तीन दिवसांतच असतो. मज्जातंतूंच्या गाठींमध्ये सुप्त पडून असलेला विषाणू प्रती काढत नाही, म्हणून त्याला या औषधांचा धक्काही लागत नाही. कोर्स कितीही नीट पूर्ण केला तरी हर्पीस शरीरातून कायमचा जात नाही. तसं आश्वासन कोणी देत असेल तर त्याच्याकडून औषध घेऊ नका.

पुढे दिलेल्या मात्रा प्रौढांसाठीच्या आहेत, आणि त्याही मूत्रपिंडं ठीक असलेल्या, गरोदर नसलेल्या, प्रतिकारशक्ती चांगली असलेल्या प्रौढांसाठी. औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यायचं आहे. आकडे दिले आहेत ते चिठ्ठी वाचता यावी आणि काही खटकलं तर विचारता यावं म्हणून.

## १. आधी ठरवा: हे हर्पीसच आहे का?

ओठाची कड जिथे त्वचेला मिळते तिथे आधी चुरचुर किंवा मुंग्या येतात. मग जागा लाल होते आणि काही तासांत टाचणीच्या डोक्याएवढे पाण्याचे फोड घोळक्याने उठतात. दोन-तीन दिवसांत ते फुटून एकमेकांत मिसळतात, उथळ ओली जखम होते आणि त्यावर पिवळसर खपली धरते. ओठावरचा हर्पीस असा दिसतो. 'तोंड येणं' हे वेगळं प्रकरण आहे. गालाच्या आत किंवा जिभेखाली येणारे पांढरट, लाल कडेचे व्रण सहसा हर्पीसचे नसतात आणि या गोळ्यांनी ते बरे होत नाहीत.

नागीण ओळखायची खूण म्हणजे ती शरीराच्या एकाच बाजूला, पट्ट्यासारखी उठते आणि मधली रेषा सहसा ओलांडत नाही. गोंधळ होतो तो आधीच्या दिवसांत. फोड उठण्याच्या एक ते पाच दिवस आधीपासून त्या पट्ट्यात आग, ठणका किंवा विजेचा झटका बसल्यासारखी कळ असू शकते. अंगावर काहीच दिसत नसल्याने लोक तिला स्नायूचं दुखणं, मुतखडा किंवा पित्त समजतात. अशी एकतर्फी कळ असेल तर रोज सकाळ-संध्याकाळ उजेडात ती जागा नीट पाहा. पाठीवर असेल तर दुसऱ्याला पाहायला सांगा.

जननेंद्रियावरचा हर्पीस दर वेळी फोडांच्या रूपातच येतो असं नाही. बारीक चीर, सोलवटल्यासारखी जागा, लघवी करताना आग, जांघेत दुखरी गाठ एवढंच असू शकतं. बुरशीचा संसर्ग समजून आठवडाभर दुसरंच मलम लावलं जातं ते इथेच.

खात्री करायची असेल तर ताज्या फोडातल्या किंवा ओल्या जखमेतल्या द्रवाचा स्वॅब घेऊन पीसीआर चाचणी करतात. खपली धरल्यावर घेतलेला स्वॅब खोटा 'निगेटिव्ह' येऊ शकतो, म्हणून लवकर जा. रक्ताच्या चाचणीने मात्र फसायला होतं. आयजीजी (विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेलं प्रतिपिंड) पॉझिटिव्ह आलं तर पूर्वी कधीतरी विषाणू शरीरात आला एवढंच समजतं. समोरची जखम त्याचीच आहे हे त्यातून ठरत नाही. नवा संसर्ग असेल तर ही चाचणी पॉझिटिव्ह व्हायला बारा आठवड्यांपर्यंत वेळ लागू शकतो. हर्पीसची आयजीएम चाचणी तर निदानासाठी भरवशाची नाहीच. केवळ ती पॉझिटिव्ह आली म्हणून कोणावर संशय घेऊ नका आणि स्वतःलाही कोसू नका.

सावधान: निदान होईपर्यंत खाज-पुरळावरचं स्टिरॉइड असलेलं मलम लावू नका. एकाच ट्यूबमध्ये स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक असलेली मलमं घरात पडून असतात, तीही नकोत. विषाणूवर त्यांचा काही उपयोग नाही, उलट स्टिरॉइडमुळे तो पसरू शकतो.

## २. घड्याळ कधी सुरू झालं ते लिहून ठेवा

पहिली चुरचुर किंवा पहिला फोड कधी जाणवला, ती तारीख आणि वेळ फोनमध्ये लगेच नोंदवा. डॉक्टरांच्या समोर बसल्यावर 'परवा-तेरवा असेल' असं सांगितलं जातं, आणि उपचाराचा निर्णय तर त्याच उत्तरावर होतो.

ओठावरच्या हर्पीसमध्ये चुरचुर जाणवल्यावर पहिल्या काही तासांत गोळी घेतली तर खरा फायदा. फोड फुटून खपली धरल्यावर घेतलेल्या गोळीने फारसं काही साधत नाही. जननेंद्रियावरचा हर्पीस पुन्हा उठत असेल तर चुरचुर सुरू होताच, निदान फोड आल्यापासून एका दिवसाच्या आत औषध सुरू व्हायला हवं. पहिल्यांदाच उठला असेल तर मात्र दोन-चार दिवस उलटले तरी औषध घ्यावं, कारण पहिला झटका लांबतो आणि नवे फोड येत राहतात.

नागिणीसाठी पुरळ उठल्यापासून ७२ तास ही मर्यादा सगळीकडे सांगितली जाते. ती बरोबर आहे, पण तिचा उलटा अर्थ काढू नका. चौथा दिवस उजाडला म्हणून घरी बसणं चूक आहे. नवे फोड अजून येत असतील, डोळ्याच्या भागात नागीण असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल तर ७२ तासांनंतरही उपचार दिले जातात.

कांजिण्यांमध्ये पुरळ उठल्यापासून २४ तासांत सुरुवात केली तर परिणाम चांगला दिसतो. बारा वर्षांखालच्या एरवी निरोगी मुलांना सहसा या गोळ्यांची गरज नसते. मोठी मुलं, प्रौढ, फुप्फुसांचा किंवा त्वचेचा जुना आजार असलेले आणि स्टिरॉइड घेणारे यांच्यासाठी डॉक्टर औषधाचा विचार करतात. कांजिण्या झालेल्या मुलाला अ‍ॅस्पिरिन कधीही देऊ नका. यकृत आणि मेंदूवर घाला घालणारा रेज सिंड्रोम त्यातून होऊ शकतो. तापासाठी आयब्युप्रोफेनही टाळावं, पॅरासिटामॉल चालतं.

इथे थांबा. पुढच्यापैकी काही असेल तर घरी गोळ्या घेत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर किंवा रुग्णालय गाठा:

- नाकाच्या शेंड्यावर, कपाळावर किंवा पापणीवर फोड. डोळा लाल, दुखरा, उजेड सहन न होणारा. नाकाच्या शेंड्यावरचा फोड क्षुल्लक दिसतो, पण तिथे आणि डोळ्यात एकाच मज्जातंतूच्या शाखा जातात.
- कानात किंवा कानाभोवती फोड आणि त्याच बाजूचा चेहरा वाकडा होणं, ऐकू कमी येणं, चक्कर.
- ताप आणि त्यासोबत असंबद्ध बोलणं, वागणुकीत अचानक बदल, आकडी (फिट) येणं, गुंगी. हर्पीसमुळे मेंदूला सूज येऊ शकते. त्यावर शिरेतून अ‍ॅसायक्लोव्हिर द्यावं लागतं, तेही १४ ते २१ दिवस, आणि तिथे तासांचा हिशोब असतो.
- नवजात बाळाच्या अंगावर फोड, ताप, दूध न ओढणं, मलूलपणा.
- एक्झिमा असलेल्या मुलाच्या त्वचेवर अचानक एकसारखे, छिद्र पाडल्यासारखे दिसणारे व्रण आणि ताप.
- लघवी अडकणं.
- अवयव प्रत्यारोपण, केमोथेरपी, नियंत्रणात नसलेला एचआयव्ही किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सुरू असताना अंगभर पसरणारे फोड.

## ३. चिठ्ठी लिहिण्याआधी डॉक्टरांना काय सांगायचं

ही तिन्ही औषधं मुख्यतः मूत्रपिंडांवाटे शरीराबाहेर जातात. मूत्रपिंडं मंद असतील तर औषध साचतं, आणि साचलेलं औषध मेंदूवर परिणाम करतं: गोंधळ, भास, जीभ जड होणं, चालताना तोल जाणं. घरचे म्हणतात, 'नागिणीच्या त्रासाने भ्रमिष्टासारखं करतायत.' खरं तर मात्रा जास्त झालेली असते. हे टाळता येतं, म्हणूनच या मुद्द्यावर मी अडून बसते.

मूत्रपिंडांचं काम कसं चाललंय ते दाखवणाऱ्या क्रिएटिनिन या रक्तचाचणीचा अलीकडचा रिपोर्ट सोबत न्या. वय आणि वजनही सांगा, कारण नुसता क्रिएटिनिनचा आकडा फसवा असतो. स्नायू कमी झालेल्या ऐंशीच्या घरातल्या कृश माणसाचं क्रिएटिनिन रिपोर्टवर 'नॉर्मल' दिसतं आणि तरीही मूत्रपिंडांचं काम निम्म्यावर आलेलं असू शकतं. फरक केवढा पडतो ते पाहा. नागिणीसाठी व्हॅलासायक्लोव्हिर १ ग्रॅम दिवसातून तीनदा असतं. क्रिएटिनिन क्लिअरन्स (क्रिएटिनिन, वय आणि वजनावरून काढलेला मूत्रपिंडांच्या कामाचा अंदाज) मिनिटाला ३० ते ४९ मिलीलिटर असेल तर ते दोनदा करतात, १० ते २९ असेल तर दिवसातून एकदाच.

याशिवाय हे सांगा:

- नियमित सुरू असलेली सगळी औषधं. मूत्रपिंडांवर ताण देणारी वेदनाशामकं (डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन वगैरे), टेनोफोव्हिर, मायकोफेनोलेट, प्रोबेनेसिड यांचा उल्लेख विसरू नका. नागिणीच्या कळेसाठी लोक डायक्लोफेनॅकच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेत असतात आणि तेवढंच सांगायचं राहून जातं.
- गरोदरपण किंवा त्याची शक्यता. अ‍ॅसायक्लोव्हिरचा गरोदरपणातला अनुभव मोठा आणि दिलासा देणारा आहे, पण निर्णय प्रसूतितज्ज्ञांचा. पूर्वी जननेंद्रियावर हर्पीस होऊन गेला असेल तर ३६व्या आठवड्यापासून रोज औषध देतात, प्रसूतीच्या वेळी फोड नसावेत म्हणून. शेवटच्या तीन महिन्यांत पहिल्यांदाच फोड उठले तर त्याच दिवशी कळवा. बाळाला सर्वांत जास्त धोका याच परिस्थितीत असतो.
- पूर्वी यापैकी एखाद्या औषधाची अ‍ॅलर्जी. व्हॅलासायक्लोव्हिरचं शरीरात अ‍ॅसायक्लोव्हिरच होतं, त्यामुळे एकाची अ‍ॅलर्जी असेल तर दुसरंही चालत नाही.
- जवळच्या काळात कांजिण्यांची लस घ्यायची असेल तर तेही. ती जिवंत विषाणूची लस असल्याने या गोळ्या आधी किमान २४ तास आणि नंतर १४ दिवस टाळतात.

स्तनपान करणाऱ्या आईला अ‍ॅसायक्लोव्हिर आणि व्हॅलासायक्लोव्हिर घेता येतं. फोड स्तनावरच असतील तर मात्र त्या बाजूने बाळाला पाजू नये.

## ४. चिठ्ठीतला आकडा वाचा आणि गोळ्या मोजा

तिन्ही औषधं एकाच घराण्यातली आहेत आणि बहुतेकांच्या बाबतीत त्यांचा गुण जवळपास सारखा आहे. फरक शोषणाचा आहे. तोंडाने घेतलेल्या अ‍ॅसायक्लोव्हिरचा फार थोडा भाग, पाचव्या हिश्श्याच्या आसपास, रक्तात पोचतो आणि दोन-तीन तासांत त्याची पातळी निम्मी होते. म्हणून ते वारंवार घ्यावं लागतं. व्हॅलासायक्लोव्हिरमधून निम्म्याहून थोडं जास्त अ‍ॅसायक्लोव्हिर रक्तात मिळतं, त्यामुळे गोळ्यांच्या वेळा कमी होतात. माझं मत विचाराल तर ज्याला पाच वेळा जमणार नाही त्याने डॉक्टरांना तसं सरळ सांगावं आणि व्हॅलासायक्लोव्हिर किंवा फॅमसायक्लोव्हिर मागावं. पाचातल्या दोन वेळा चुकवून घेतलेलं अ‍ॅसायक्लोव्हिर नागिणीला पुरत नाही.

नागीण: अ‍ॅसायक्लोव्हिर ८०० मिलीग्रॅम दिवसातून ५ वेळा, ७ ते १० दिवस, किंवा व्हॅलासायक्लोव्हिर १ ग्रॅम ३ वेळा, ७ दिवस, किंवा फॅमसायक्लोव्हिर ५०० मिलीग्रॅम ३ वेळा, ७ दिवस.

जननेंद्रियावरचा हर्पीस, पहिल्यांदा: अ‍ॅसायक्लोव्हिर ४०० मिलीग्रॅम ३ वेळा, किंवा व्हॅलासायक्लोव्हिर १ ग्रॅम २ वेळा, किंवा फॅमसायक्लोव्हिर २५० मिलीग्रॅम ३ वेळा. तिन्हींचा काळ ७ ते १० दिवस. जखमा भरल्या नसतील तर कोर्स वाढवतात.

जननेंद्रियावरचा हर्पीस, पुन्हा उठल्यास: कोर्स लहान असतो. उदाहरणार्थ अ‍ॅसायक्लोव्हिर ८०० मिलीग्रॅम २ वेळा ५ दिवस, किंवा ३ वेळा फक्त २ दिवस. व्हॅलासायक्लोव्हिर ५०० मिलीग्रॅम २ वेळा ३ दिवस. फॅमसायक्लोव्हिर १ ग्रॅम २ वेळा, एकच दिवस.

ओठावरचा हर्पीस: व्हॅलासायक्लोव्हिर २ ग्रॅम, आणि १२ तासांनी पुन्हा २ ग्रॅम. झालं, कोर्स संपला. किंवा फॅमसायक्लोव्हिर १५०० मिलीग्रॅम एकदाच.

ओठाच्या या एकदिवसाच्या कोर्समध्ये दोन्ही टोकांच्या चुका होतात. ५०० मिलीग्रॅमच्या गोळ्या मिळाल्या तर एका वेळी चार घ्यायच्या असतात. चार गोळ्या एकदम घ्यायला माणूस बिचकतो, सकाळ-संध्याकाळ एकेक घेतो आणि मग औषधाने काही झालं नाही म्हणतो. उलट काही जण हीच मोठी मात्रा 'अजून खपली आहे' म्हणून तीन-चार दिवस चालू ठेवतात. दोन्ही नको.

तपासा: घरी आल्यावर पाकिटातल्या गोळ्या मोजा. नागिणीच्या सात दिवसांसाठी अ‍ॅसायक्लोव्हिर ८००च्या ३५ गोळ्या व्हायला हव्यात. व्हॅलासायक्लोव्हिर १ ग्रॅमच्या २१, आणि ५००च्या असतील तर ४२. फॅमसायक्लोव्हिर ५००च्या २१, २५०च्या ४२. आकडा जुळत नसेल तर एकतर मात्रा चिठ्ठीत मुद्दाम कमी केली आहे (मूत्रपिंडांमुळे तसं असू शकतं) किंवा कुठेतरी चूक आहे. फोन करून विचारा. गोळीवर ४०० लिहिलंय आणि चिठ्ठीत ८००, ही गफलत सर्रास होते.

## ५. वेळा बांधा

अ‍ॅसायक्लोव्हिर पाच वेळा म्हणजे जागेपणी दर चार तासांनी. सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६, रात्री १०. रात्री गोळीसाठी झोपेतून उठायची गरज नाही. तीन वेळांच्या औषधासाठी आठ-आठ तासांचं अंतर चांगलं. सकाळी ६, दुपारी २, रात्री १०. न्याहारी, जेवण आणि रात्रीचं जेवण यांना बांधून घेतलं तर दिवसा गोळ्या जवळजवळ येतात आणि रात्रीची मोठी पोकळी राहते.

पहिली गोळी औषध हातात पडताच घ्या. 'उद्या सकाळपासून नीट सुरू करू' यात अर्धा दिवस हातचा जातो. दुपारी ४ वाजता औषध मिळालं तर ४ वाजता घ्या आणि रात्री १०च्या गोळीपासून वेळापत्रकाला लागा.

फोनमध्ये पाच गजर लावा. शिवाय एका कागदावर दिवस आणि वेळांचे चौकोन आखून गोळी घेतल्यावर खूण करा. गजर बंद करून गोळी विसरणं फार सोपं असतं. रिकामा चौकोन लपत नाही. वयस्कर माणसाची औषधं सांभाळताना तर हा कागद हवाच, म्हणजे घरातल्या दोघांनी तीच गोळी दोनदा देणं टळतं.

गोळी उपाशीपोटी किंवा जेवणानंतर, कशीही चालते. मळमळ होत असेल तर खाऊन घ्या. दिवसभर पाणी पीत राहा. लघवी फिकट पिवळी राहील इतकं पाणी पुरेसं. शरीरात पाणी कमी असताना अ‍ॅसायक्लोव्हिरचे स्फटिक मूत्रपिंडांत अडकू शकतात. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्यावर बंधन असेल तर किती प्यायचं ते डॉक्टरांना विचारा.

चुकलेली गोळी: आठवण होताच घ्या. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्या. दोन एकदम घेऊन भरपाई करायची नाही.

## ६. मलमाकडून किती अपेक्षा ठेवायची

फार नाही. ओठावर ५ टक्के अ‍ॅसायक्लोव्हिरचं क्रीम चुरचुर होताच, दिवसातून पाच वेळा, चार दिवस लावलं तर जखम भरायचा काळ थोडासा कमी होतो, बस. कापसाच्या काडीवर घेऊन, फोडांच्या बाहेरून आत असं हलकेच टेकवा, चोळू नका. आधी आणि नंतर हात धुवा. जननेंद्रियावरच्या हर्पीसला आणि नागिणीला या क्रीमचा भरवसा धरता येत नाही, तिथे गोळीच हवी. गोळी सुरू असताना वरून क्रीम लावल्याने फायदा वाढतो असंही नाही.

सावधान: ओठाचं क्रीम डोळ्यात घालू नका. डोळ्याच्या हर्पीससाठी वेगळं ३ टक्क्यांचं मलम किंवा गॅन्सायक्लोव्हिरचं जेल असतं आणि ते नेत्रतज्ज्ञच देतात. डोळा लाल झाला म्हणून घरातले जुने स्टिरॉइड थेंब घालणं याहून वाईट. बुबुळावरच्या हर्पीसमध्ये त्या थेंबांनी व्रण खोल जाऊन नजर कायमची अधू होऊ शकते.

## ७. पहिले तीन-चार दिवस: काय दिसलं तर ठीक, काय दिसलं तर नाही

गोळ्या सुरू करून दुसऱ्या दिवशी दोन-चार नवे फोड दिसले म्हणून औषध निकामी ठरवू नका. औषधाआधीच ज्या पेशींत विषाणू शिरला होता त्यांचे फोड वर येणारच. नवे फोड येणं हळूहळू थांबतंय आणि जुने वाळतायत ना, ते पाहा. रोज एकाच अंतरावरून, एकाच उजेडात फोटो काढून ठेवला तर फरक निश्चित कळतो. नाहीतर घाबरलेल्या मनाला रोज तेच दिसतं.

थोडी मळमळ, डोकेदुखी, पोट ढिलं होणं एवढं चालतं. हे दिसलं तर पुढची गोळी न घेता लगेच डॉक्टरांशी बोला: गोंधळ, भास, असंबद्ध बोलणं, तोल जाणं, विलक्षण झोप, लघवी एकदम कमी होणं किंवा कुशीत दुखणं, अंगावर नवं पुरळ, चेहऱ्याला सूज, धाप.

फोड वाळले तरी नागीण आणि पहिल्या झटक्याचा कोर्स पूर्ण करा. उरलेल्या गोळ्या दुसऱ्या कोणाला देऊ नका. त्याची मूत्रपिंडं तुम्हाला माहीत नाहीत.

नागिणीच्या कळेबद्दल वेगळं सांगायला हवं. या गोळ्यांनी फोड लवकर वाळतात आणि सुरुवातीची तीव्र कळ कमी व्हायला मदत होते. फोड गेल्यावर तीन महिन्यांहून जास्त रेंगाळणारी मज्जातंतूची कळ मात्र त्यांनी टळेलच असं नाही, आणि वय जितकं जास्त तितका तिचा धोका जास्त. म्हणून कळेचा उपचार पहिल्या भेटीतच मागा. पॅरासिटामॉलने भागत नसेल तर गॅबापेंटिन, प्रीगॅबॅलिन, अ‍ॅमिट्रिप्टिलीन अशी मज्जातंतूंच्या दुखण्यावरची औषधं डॉक्टर देऊ शकतात. कपड्याचा स्पर्शही सहन न होणारं दुखणं दात-ओठ खाऊन सोसण्यात काहीही शहाणपण नाही. फोड गेल्यानंतरही कळ राहिली म्हणून अँटिव्हायरलचा, म्हणजे या विषाणूविरोधी गोळ्यांचा, दुसरा कोर्स घेणं हीही नेहमीची चूक. तोवर विषाणू पुन्हा झोपी गेलेला असतो आणि दुखतो तो इजा झालेला मज्जातंतू.

## ८. तोवर इतरांना जपा

फोड फोडू नका. साध्या पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवा, टिपून कोरडे करा. घरगुती लेप, टूथपेस्ट, स्पिरिट काही नको. फोडाला हात लागल्यावर डोळ्यांना हात लावायच्या आधी हात धुवा. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी विशेष.

ओठावर फोड असताना कोणाचे मुके घेऊ नका, तान्ह्या बाळाचे तर मुळीच नाही. जननेंद्रियावर फोड किंवा चुरचुर असेपर्यंत शरीरसंबंध टाळा, मुखमैथुनही. नागीण असलेल्याकडून नागीण होत नाही, पण ज्याला कांजिण्या झाल्या नाहीत आणि लसही मिळाली नाही त्याला कांजिण्या होऊ शकतात. सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत जागा झाकून ठेवा आणि गरोदर स्त्रिया, नवजात बाळं, प्रतिकारशक्ती कमी असलेले यांच्यापासून दूर राहा.

## ९. पुन्हा पुन्हा उठत असेल तर

इथे दोन वाटा आहेत. एक, उठेल तेव्हा लहान कोर्स. दुसरी, रोज एक-दोन गोळ्या घेऊन उठूच न देणं.

पहिली वाट निवडली तर गोळ्या आधीच घरी हव्यात. चुरचुर सुरू झाल्यावर डॉक्टरांची वेळ घ्यायची, चिठ्ठी आणायची, औषध मिळवायचं, तोवर फायद्याची वेळ निघून जाते. पुढच्या वेळेसाठीची चिठ्ठी आत्ताच मागून घ्या, एक पूर्ण कोर्स घरात आणि प्रवासाच्या बॅगेत ठेवा, त्यावर मात्रा आणि मुदत लिहा. मुदत संपलेलं पाकीट ऐनवेळी हाती येऊ नये म्हणून अधूनमधून बघत जा.

झटके वारंवार येत असतील, फार त्रासाचे असतील किंवा मनावर सतत दडपण असेल तर रोजच्या गोळीबद्दल बोला. अ‍ॅसायक्लोव्हिर ४०० मिलीग्रॅम दोनदा, किंवा व्हॅलासायक्लोव्हिर ५०० मिलीग्रॅम एकदा, अशा मात्रा असतात. वर्षात दहा किंवा त्याहून जास्त झटके येत असतील तर ५०० कमी पडू शकतं आणि १ ग्रॅम लागतं. जोडीदाराला संसर्ग नसेल तर रोजच्या व्हॅलासायक्लोव्हिरने त्याला किंवा तिला लागण होण्याची शक्यता साधारण निम्मी होते, शून्य होत नाही. फोड दिसत नसतानाही विषाणू त्वचेवर येत असतो, म्हणून कंडोम सोबत हवाच.

रोजची गोळी जन्मभराची नसते. वर्षाकाठी एकदा थांबवून पाहायचं का हे डॉक्टरांबरोबर ठरवा, कारण पहिल्या वर्षानंतर झटके बहुधा आपोआप विरळ होतात. थांबवल्यावर लगेच एखादा झटका येऊ शकतो. निर्णय त्या एकावरून घेऊ नका, पुढचा काळ पाहा.

कशाने उठतं तेही नोंदवत जा: ताप, जागरण, पाळी, कडक ऊन, दातांचा उपचार. उन्हाने उठणाऱ्यांनी ओठांना सनस्क्रीन असलेला बाम लावावा.

नागीण होऊन गेली असेल तर बरे झाल्यावर नागिणीवरच्या पुनःसंयोजित (रीकॉम्बिनंट) लसीबद्दल विचारा. तिच्या दोन मात्रा दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने देतात, आणि ती जिवंत विषाणूची नसल्याने अँटिव्हायरल गोळ्यांची तिला आडकाठी नाही.

## १०. औषध लागू पडत नाही असं वाटलं तर

विषाणू औषधाला दाद देत नाही हा निष्कर्ष सगळ्यात शेवटी काढा. प्रतिकारशक्ती चांगली असलेल्यांमध्ये असं क्वचितच घडतं. आधी क्रमाने हे पडताळा: पहिली गोळी नक्की कधी घेतली? मात्रा पूर्ण होती का? चौकोनांचा कागद काय सांगतो? आणि मुळात निदान बरोबर होतं का, स्वॅब झाला होता का? जखमेतून पू येत असेल, भोवतीची कातडी गरम आणि लालभडक होत असेल तर वरून जिवाणूंचा संसर्ग झालेला असू शकतो. त्याला अँटिबायोटिक लागतं आणि ते डॉक्टर पाहून ठरवतात.

योग्य मात्रेत सात ते दहा दिवस औषध घेऊनही जखमा तशाच असतील, विशेषतः प्रतिकारशक्ती कमी असेल, तर पुन्हा स्वॅब घेऊन विषाणू औषधाला दाद देतो का याची चाचणी करावी लागते. अशा वेळी अ‍ॅसायक्लोव्हिर बदलून व्हॅलासायक्लोव्हिर किंवा फॅमसायक्लोव्हिर घेण्यात अर्थ नसतो, कारण तिन्हींची वाट एकच आहे आणि एक बंद झालं की बहुधा तिन्ही बंद होतात. तिथे फॉस्कार्नेटसारखं शिरेतून द्यायचं, मूत्रपिंडांवर कडक नजर ठेवून वापरायचं औषध लागतं, आणि तो उपचार रुग्णालयात तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच होतो. तिथे जाताना आतापर्यंतच्या सगळ्या चिठ्ठ्या, गोळ्यांची रिकामी पाकिटं, क्रिएटिनिनचे रिपोर्ट आणि रोजचे फोटो सोबत न्या.